खुणेवरची सुई

बेपत्ता माणसासाठी धड रडता येत नाही, आणि त्याची धड वाटही लोक पाहू देत नाहीत. त्या पौष महिन्यात भागिरथेच्या घरी हेच चाललं होतं. लढाई जिंकली म्हणून केनवडच्या बाजारात गुलाल उधळला, शाळेत पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात तिच्या एकुलत्या एका पोराबद्दल, शिपाई परसरामबद्दल, तार आली. मेला असं तारेत नव्हतं, सापडला असंही नव्हतं. नुसतं बेपत्ता. पोस्टमननं तार दोनदा वाचून दाखवली आणि चहा न घेताच सायकल काढली. पोस्टमन चहा नाकारतो तेव्हा काय समजायचं, हे बाईमाणसाला शिकवावं लागत नाही.

घरात मग तिघंच उरली. भागिरथा, तिचा नवरा उकंडराव आणि सून रुख्मिणी. रुख्मिणीनं लग्नानंतर नवरा पाहिला तो एका सुटीपुरता. सुटी संपली, तो गेला, आणि पाठोपाठ लढाई लागली. पोरगी रडायचीही नाही. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि तव्यावरची करपून जायची.

उकंडराव स्वतः जुना फौजी. जर्मनच्या लढाईच्या वेळी महार पलटणीत होता, आणि पलटण सुटली तरी हुकूम सुटला नव्हता. वरच्यानं सांगितलं तसं करायचं, खालच्यानं उलट बोलायचं नाही, हा त्याचा खाक्या. घरात वरचं असं कोणी नसल्यामुळं तो सगळ्यांना खालचंच समजायचा. पण तार आल्यापासून त्याचा आवाज चढायचा आणि अर्ध्यातच फाटायचा.

रिसोडहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. सरहद्दीपलीकडचा रेडिओ म्हणे रोज संध्याकाळी आपल्या कैद झालेल्या शिपायांची नावं वाचून दाखवतो. शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव. ज्याचं नाव आलं तो जिवंत. ज्याचं आलं नाही त्याचं कंडक्टरनं काही सांगितलं नाही, तिकिटं फाडत पुढं गेला.

गावात तेवढा मोठा रेडिओ एकट्या दौलतरावाकडं होता. दौलतराव म्हणजे गावातला मोठा जमीनदार. उकंडराव गेला त्याच्याकडं. गेला आणि गेल्या पावली परत आला.

“काय म्हनला?” भागिरथेनं विचारलं.

“म्हनला, बस ना उकंडा, पायरीखाली बस, आयकू येते तिथूनई.” उकंडरावानं टोपी खुंटीला अडकवली. “छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, मेलेलं ढोर ओढनं सोडलं, आन त्या पायरीखालून उठलो. आता पुन्हा नाई बसत. पोरासाठीबी नाई.”

“तुमच्या पायरीपायी माहं लेकरू जाईन!” भागिरथा किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यावर अशी ओरडली.

घरात रेडिओ नव्हता असं नाही. होता, पण मुका. पलटण सुटताना कामठीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात उकंडरावानं तो घेतलेला. लाकडी खोकं, दर्शनी काच, काचेवर इंग्रजीत साऱ्या जगातल्या शहरांची नावं. त्याला विटेएवढी बॅटरी लागायची. पुढं ती बॅटरी दुकानांत येईनाशी झाली आणि रेडिओ मुका झाला. पण त्याला अडगळ म्हणायची घरात कोणाची छाती नव्हती. भागिरथेनं मात्र त्याच्या पाठीमागच्या पोकळीत भोपळ्याचं बी ठेवायला सुरुवात केली होती. रिकामी जागा बायकांना पाहवत नाही.

दुसऱ्याच दिवशी दोघं तो रेडिओ धोतरात गुंडाळून रिसोडला घेऊन गेली. स्टँडमागं धनसिंग नावाचा एक जण रेडिओ दुरुस्त करायचा. हाताचा कसबी पण तोंडाचा फटकळ. त्यानं मागचे स्क्रू काढले, तसं बी भळाभळा टेबलावर सांडलं.

“मायबाई! रेडिओ पेरला होता काय?” तो म्हणाला. पण दोघांच्या तोंडाकडं पाहिल्यावर त्याचं हसणं तिथंच मावळलं. “कोण हाय तुमचं तिकडं?” त्यानं विचारलं. म्हणजे अशी माणसं त्याच्याकडं आधीही येऊन गेली होती.

मग तो कामाला लागला. झुरळांनी भोंग्याचा कागद खाल्ला होता, तिथं पातळ कागदाचं ठिगळ डिंकानं चिकटवलं. उंदरानं कुरतडलेल्या तारा बदलल्या. टॉर्चचे सेल एकामागं एक जोडून त्यांची बॅटरी केली आणि आतले काचेचे वॉल्व एकेक करून पाहिले. बाकीचे जेमतेम लाल झाले, एक झालाच नाही. त्यानं तो टिचकी मारून पाहिला, खाचेतून काढून पुन्हा बसवला, फुंकर घातली. रेडिओतून नुसता खरखरता श्वास आला आणि तोही बसला.

“एक रोग असता तं काढला असता,” धनसिंग म्हणाला. “याचे वॉल्व आता अकोल्यालेई भेटत नाईत, बाटरी तं नाईच नाई. एक करता येते. आतलं सारं काढतो आन ट्रान्झिस्टरची नवी पट्टी बसवतो. सेलवर चालंन.”

“आतलं सारं काढलं तं मंग माहा रेडिओ राह्यला कुठीसा?” उकंडरावानं विचारलं.

“खोकं तुमचं, भोंगा तुमचा. जीव तेवढा नवा.”

उकंडरावानं मान फिरवली. भागिरथा म्हणाली, “काढ रे बाप्पा. लवकर काढ.”

दिवस कलेस्तोवर काम चाललं. वॉल्व एका फडक्यावर ओळीनं काढून ठेवलेले पाहून उकंडरावाला कसंतरी झालं, तो बाहेर जाऊन उभा राहिला. नवी पट्टी बसली, सुईचा दोरा नव्यानं ओवला. अंधार पडायला लागल्यावर धनसिंगनं कान भोंग्याला लावून बटण केसाकेसानं फिरवलं. शिट्ट्या, खरखर, मग ढोलकीवरचं एक गाणं. “हेच ते,” तो म्हणाला. “नावं वाचाची येळ अजून व्हायची हाय, पन थांबलात तं शेवटची गाडी जाईन तुमची.” त्यानं तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि सुई होती तिथं काचेवर एक ठिपका दिला.

“काचेवरची नावं, आकडे, सारं आता खोटं,” त्यानं बजावलं. “काच जुनी, यंत्र नवं. दोघांची सोयरीक नाई. खरी हे खूण. सुई खुणेवर ठेवा आन मंग बटनाले हात लावू नका. एक केस इकडं झाली तं दुसराच मुलूख लागते. आन भाषा नाई समजली तं घाबरू नका, त्यायची भाषा येगळीच असते. आपल्या लेकराचं नाव तं समजते ना?”

“समजते,” उकंडराव म्हणाला. त्याच्या लेखी हा हुकूम झाला.

परतीच्या गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. रेडिओ उकंडरावाच्या मांडीवर, त्याच्यावर कोणाचं तरी बाचकं, आणि सगळ्यांवर धूळ. घरी पोचेपर्यंत त्या दिवशीची वेळ टळून गेली होती.

सकाळी भागिरथेनं रेडिओवरचं धोतर सोडलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली जी वस्तू ठेवायची ती ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय ठेवायची नाही, हा तिच्या घरचा कायदा. धूळ, तेलाचे हात, कोळ्याची जाळी, सगळं तिनं घासून घासून पुसलं. काच आरशासारखी निघाली. आणि फडकं हातात असतानाच तिच्या लक्षात आलं, की काचेवर आता काहीच नाही. बाचक्याखाली बटण दबून सुईही पार कोपऱ्याला गेली होती.

ती जागच्या जागी उभी राहिली. अंगणात उकंडराव दाढी करत होता. कालच मीठ कमी पडलं म्हणून त्यानं ताट सरकवलं होतं. आता हे सांगितलं तर तो काय करील, याचा तिनं विचार केला, आणि तो विचार तिला पुरला. शिवाय खूण तिनं डोळ्यांनी पाहिली होती. या दोन उभ्या रेघांच्या मधोमध, त्या गोल अक्षराच्या खाली. दाणे मापताना तिचा हात कधी चुकला नव्हता, मग हे तर बोटभर काचेचं काम. तिनं कमरेच्या चंचीतला चुना घेतला आणि ठिपका दिला. पाहिलं. जागच्या जागी होता.

बोटभर काचेत किती मुलूख मावतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. धनसिंगनं सांगितलं होतं. पण भीती वाटली की माणूस ऐकलेलं सोईनं विसरतो.

संध्याकाळी तिघं रेडिओपुढं बसली. उकंडरावानं सुई खुणेवर आणली आणि हात मागं घेतला. आधी खरखर, मग एक जडशीळ गळ्याचा माणूस बोलायला लागला. थांबत थांबत, एकसुरी, हजेरी घ्यावी तसा. भाषेतलं ओ की ठो कळेना. पण तो दर ठिकाणी थांबला की प्रत्येकाला वाटायचं, हे नाव झालं, आता पुढचं. उकंडराव पाठ ताठ करून बसला होता. रुख्मिणीनं गुडघे छातीशी घेतले होते. मग वाद्य वाजलं आणि माणूस गेला.

“आजच्यात नाई,” उकंडराव म्हणाला.

“उद्या येईन,” भागिरथा म्हणाली.

असे कितीतरी उद्या गेले. गावात कुजबूज सुरू झाली, की पोरगं तिकडं आणि बाप दुश्मनाचा रेडिओ ऐकतो. कोतवालानं येऊन हळूच सांगितलं, जरा आवाज लहान ठेवत जा. मग दार लावून, आवाज बारीक करून ऐकणं सुरू झालं. शेजारची सुंदरबाई एकदा मायेनं येऊन बसली आणि म्हणाली, “उकंडबुवा, जरा इकडंतिकडं पाह्य ना फिरवून.” तिचा हात बटणाकडं जायच्या आत उकंडरावानं मनगट धरलं. “खुणेवर हाय ते. हात नाई लावायचा,” तो म्हणाला. सुंदरबाई पुन्हा आली नाही.

शंका आली ती रुख्मिणीला. एका संध्याकाळी ती एकदम बोलली, “आत्याबाई, हा मानूस आपल्यातलं एकबी नाव काहून नाई घेत? येवढ्या फौजेत कोनी राम नाई, किसन नाई, कोनी सिंग नाई?”

“त्यायच्या बोलन्यात नावं येगळी लागत असतीन,” उकंडराव म्हणाला. “पन माह्या पोराचं नाव म्या ठेवलं हाय. मले समजंन.”

भागिरथेनं काचेकडं पाहिलं. ठिपका रेघांच्या मधोमधच होता. की तो तेव्हा जरा डावीकडं होता? आता सांगायचं म्हणजे इतक्या दिवसांचं सांगावं लागणार होतं. “पोरी, उगी राह्य. आयकू दे,” ती सुनेवर खेकसली.

फाल्गुनात धनसिंगचा निरोप कंडक्टरबरोबर आला. नावं वाचणं आता बंद झालं होतं. उकंडरावानं त्या दिवशी रेडिओ लावला नाही. त्याच्यावर स्वतःचं उपरणं टाकलं. सरकारकडून दुसरा कागद आला नव्हता. ज्याचं नाव आलं तो जिवंत, आणि नाव तर आलं नव्हतं. चैत्रात वस्तीतली माणसं जमली, परसरामच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, वंदना झाली, मेलेल्या माणसाचा करतात तो जलदान विधी झाला. भागिरथा त्या दिवशी पोटभर रडली. रडता आलं याचंच तिला बरं वाटलं.

मग शिरपूरहून रुख्मिणीचा भाऊ माणिकराव आला. भला माणूस, विषय काढायला त्याला अख्खी सकाळ लागली. एक स्थळ होतं. बायको वारलेला, सरकारी नोकरीतला, निर्व्यसनी. पाट लावायची तयारी होती. उकंडराव टोपी घालून अंगणात गेला. बोलली ती भागिरथा.

“वय काय तिचं? इथं बसून माह्यासंगं भिंती पाहीन काय जलमभर? लेक समजून धाडते मी तिले.”

आणि तिनं धाडलीही लेकीसारखीच. नवं लुगडं घेतलं, ओटी... नाही, ओटी आता त्यांच्यात भरत नसत. डाळ-दाणे पदरात बांधून दिले. वैशाखात पाट लागला. एसटीत चढताना रुख्मिणीनं सासूचा हात धरला. “नाव नाई आलं म्हून तुमी मले धाडून राह्यल्या, आत्याबाई. उद्या आलं तं?”

“यायचं असतं तं आलं असतं, बाई,” भागिरथा म्हणाली.

आखाडात, पेरण्या उरकल्यावर, कुबडीवर चालत एक जण आला. मांडीपासून एक पाय नव्हता. “जयभीम बाबा,” तो उकंडरावाला म्हणाला. “मी रामकिसन. परसरामच्या पलटनीतला. रिसोडच्या अंगचा हावो.”

उकंडरावानं त्याला बाजेवर बसवलं. “त्याच्यासंगं होतास अखेरीले?”

“अखेरीले म्हंजे?” रामकिसन गोंधळला. “त्यो हाय ना बाबा. कैदेत हाय, पन धडधाकट हाय. आमाले जखमी म्हून पैले सोडलं. इतके दिवस पुन्याले दवाखान्यात होतो, नाई तं पैलेच आलो असतो.”

उकंडराव हसला. मग रडला, मग पुन्हा हसला, आणि वस्तीला ऐकू जाईल असं ओरडला, “माहा परशा जित्ता हाय!” भागिरथा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला आनंद झाला, झाला नाही असं कोण म्हणेल? पण तो तिच्या छातीपर्यंत पोचायच्या आतच दुसरं काहीतरी तिथं येऊन बसलं.

“तुमाले ठाऊक नव्हतं?” रामकिसन विचारत होता. “कागद नसंल आला. माहाबी कागद मी आल्यावर आला. पन रेडिओवर तं वाचलं ना! आमी तिकडं बराकीत आयकलं. सिपाही परसराम, वल्द उकंड, मौजा केनवड, तालुका वाशिम, जिल्हा अकोला. दोन खेपा वाचलं. त्यो म्हने, माहा बाप रेडिओवाला हाय, त्यानं आयकलंच असंल.”

“रोज आयकलं म्या,” उकंडराव म्हणाला. त्याचं हसू तोंडावरच राहून गेलं होतं. “एक सांज चुकवली नाई.”

दिवे लागायच्या वेळेला त्यानं उपरणं काढलं आणि सुई खुणेवर आणली. तोच जडशीळ गळ्याचा माणूस, तीच हजेरी. रामकिसननं कान दिला. “हे ते नाई, बाबा. हे कोन्या दुसऱ्याच मुलुखाच्या बातम्या हायेत.” त्यानं बटण हलकेच फिरवलं. सुई ठिपक्यापासून जवाएवढी सरकली. ढोलकी वाजली, आणि एका बाईनं स्वच्छ शब्दांत पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं. सगळं समजत होतं. “हे पाहा. इथं होतं. खूण चुकली तुमची.”

“धनसिंग!” उकंडराव उठला. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती. “त्या हरामखोरानं माह्या घराचा इस्कोट केला. सकाळच्या गाडीनं जातो आन त्याचे हात तोडतो.”

“त्याले काई म्हनू नका,” भागिरथा म्हणाली. “त्याची खूण बराबर होती. म्या पुसली. मंग माह्या हातानं लावली.”

उकंडराव तिच्याकडं पाहत राहिला. तिला वाटलं, आता हात उठेल, आणि उठावा असंही वाटलं. पण तो खाली बसला. रेडिओतलं गाणं चालूच होतं. ते बंद करायचंही कोणाला सुचलं नाही, शेवटी रामकिसननंच बंद केलं.

“वैनी दिसत नाईत?” त्यानं विचारलं. भिंतीवर परसरामचा फोटो होता, त्याच्या खाली मेणाचे ओघळ होते. रामकिसननं ते पाहिले. फौजी माणूस, लगेच पुन्हा विचारायचं नाही एवढं त्याला कळलं. मग त्यानं खिशातून एक कार्ड आणि पेन काढलं. “कैद्यायले धाडता येते. दोन वळी सांगा. त्यानं एकच इचारलं होतं. म्हने, नाव घरी आयकू आलं का, तेवढं कळव.”

उकंडरावानं तोंड भिंतीकडं केलं होतं. भागिरथेनं पदरानं हात पुसले, जसं काही तिलाच लिहायचं होतं. ऐकलं म्हणावं, तर मग सुनेला धाडली का? नाही म्हणावं, तर का नाही?

“लिव,” ती म्हणाली. “नाव आलं होतं. मायनं आयकलं नाई.”

रामकिसननं लिहिलं. “आन वैनीचं?”

चारच दिवसांपूर्वी माणिकराव येऊन सांगून गेला होता, रुख्मिणीला दिवस गेले आहेत, तब्येत चांगली आहे. भागिरथेनं तेव्हा त्याच्या हातावर साखर ठेवली होती.

“ते नको लिवू,” ती म्हणाली. “ते त्यो आला का म्याच सांगीन.”

कार्ड गेलं. कैदी सुटायला पुढं फार दिवस लागले, आणि त्या सगळ्या दिवसांत भागिरथा पोराची वाट पाहत राहिली. एसटीचा आवाज आला की ती दारात यायची. गाडीतून तो उतरला नाही हे पाहून तिचा जीव तुटायचा, आणि तिथंच, त्याच दारात, तिला हायसं वाटायचं.